रंगाखालचा रंग

४ मार्च, सोमवार. सकाळी ११.
आजपासून रोजनिशी. इतिहास घडवणाऱ्या माणसाने स्वतःची नोंद स्वतःच ठेवावी. दुसऱ्यांवर सोपवलं की पुढे घोळ होतात.
महापालिकेची नोटीस आली. गल्ली रुंद करणार. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या, गॅलऱ्या आणि पुढच्या खोल्या जाणार. म्हणजे आमचीही पुढची खोली जाणार. तिथे हिचा शिवणाचा क्लास चालतो. मी रिटायर झाल्यापासून घर तसं त्या क्लासवरच... असो. पेन्शनही आहेच.
हिने नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाली, खोली गेली की क्लास गेला. मी म्हणालो, मी आहे ना. ती म्हणाली, त्याचीच तर काळजी आहे. घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो.
नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय : परिसराला ऐतिहासिक मूल्य असल्यास वारसा समिती पाहणी करेल, आणि नाव यादीत आलं तर पाडकाम होणार नाही. बारीक अक्षर वाचणं हा माझा पेशा होता. विमा कंपनीच्या क्लेम विभागात उभं आयुष्य काढलं. पुराव्याशिवाय कुणाची भिजलेली छत्रीसुद्धा मंजूर केली नाही.
संकल्प : गल्ली वाचवणार. रोज पहाटे पाचला उठून संशोधन.

५ मार्च. सकाळी ९.१५.
पाचला उठलो होतो. पण अंधारात जुन्या इमारती दिसत नाहीत हे लक्षात आल्यावर परत झोपलो. संशोधनाला उजेड लागतो.
काल दुपारीच गल्ली वारसा संवर्धन समिती स्थापन केली. अध्यक्ष मी. सचिव मी. खजिनदार तूर्त मीच. सदस्य म्हणून समोरचे रिटायर्ड मास्तर. त्यांना समितीची उद्दिष्टं सविस्तर सांगितली. प्रत्येक मुद्द्याला मान डोलावली. इतका समंजस माणूस गल्लीत दुसरा नाही. मी निघताना त्यांनी कानाचं यंत्र ड्रॉवरमधून काढून कानात घातलं आणि विचारलं, काही काम होतं का?
ठराव एकमताने मंजूर धरला आहे.

८ मार्च.
लायब्ररीत गेलो. शहराच्या इतिहासाचे तीन जाडजूड खंड मागवले. आपल्या गल्लीचा उल्लेख एकाही खंडात नाही. पहिल्या खंडात नसता तर समजू शकलो असतो. तिन्हींत नाही म्हणजे कुणीतरी मुद्दाम गाळलाय.
विचार करता करता तिसऱ्या खंडावर डोळा लागला. लायब्रेरियन बाईंनी येऊन सांगितलं की घोरण्याबद्दल वाचकांची तक्रार आहे. त्या वेळी शेजारी एकच वाचक होता आणि तो वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होता. त्याला संशोधनाची काय किंमत!
मात्र दिवस फुकट गेला नाही. एका मासिकात लेख सापडला. परदेशातले तज्ज्ञ जुन्या इमारतीचा रंग थराथराने खरवडतात आणि सगळ्यात खालचा, म्हणजे मूळ रंग शोधून काढतात. त्यावरून बांधकामाचा काळ, कारागीर, चालीरीती सगळं कळतं. लेख पुढच्या पानावर चालू होता. पण मुद्दा मला कळला होता, म्हणून पान उलटलं नाही.

९ मार्च, शनिवार. दुपारी ३.
ऐतिहासिक दिवस!
सकाळी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आमच्या गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर काम सुरू केलं. वर क्रीम. त्याखाली चॉकलेटी. मग पोपटी. मग कुठलासा गडद निळा, त्यावर पिवळी रेघ, कुणाचा तरी भपका. मी हातावेगळा केला. आणि त्याच्याही खाली, अगदी लोखंडाला चिकटून... लाल! विटेसारखा, मंद, खानदानी लाल. त्याखाली काही नाही, नुसतं लोखंड.
म्हणजे हाच मूळ रंग. इतकी वर्षं आम्ही या कठड्यावर टॉवेल वाळत घालत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत भुसाही गेला होता, पण पाणी त्याआधीचं.
ही गॅलरीत आली. तिला लाल रंग दाखवला. तिने सुरी पाहिली. कांदा आता कशाने चिरू, म्हणाली. मी म्हणालो, इतिहास हाताला लागलाय आणि तुला कांद्याचं पडलंय. ती म्हणाली, इतिहास जेवायला वाढते मग.
दुपारी खरंच दोनपर्यंत जेवण नव्हतं.

१२ मार्च.
मास्तरांचा कठडा खरवडला. लाल!
त्यांच्या शेजारच्या शिंप्याचं फाटक. लाल! पिठाच्या गिरणीचं शटर. लाल! गल्लीतला दिव्याचा खांब. लाल! सार्वजनिक नळाचा पाइप. लाल!
आता सगळं स्पष्ट झालं. एकेकाळी ही संपूर्ण गल्ली एकाच रंगाची होती. म्हणजे इथे लोखंडकाम करणाऱ्यांची एक मोठी, शिस्तबद्ध संघटना असणार. लाल ही त्यांची खूण. पुढे काहीतरी फाटाफूट झाली आणि मत्सरी लोकांनी वरून क्रीम नि पोपटी फासला. ग्रंथ लिहायला घेतला आहे. शीर्षक : ‘आपली गल्ली : एक रक्तवर्णी इतिहास’. अर्पणपत्रिका लिहून झाली. मला अर्पण करावा की हिला, यावर दुपार गेली. शेवटी दोघांना केला, माझं नाव आधी.

१५ मार्च.
कन्यारत्न कॉलेजातून आलं. तिला बोटभर खरवडलेला तुकडा दाखवला. तिने वाकून पाहिला आणि म्हणाली, बाबा, हा रंगाखालचा रंग आहे.
मी म्हणालो, तेच तर सांगतोय! रंगाखालचा रंग! इतक्या मोजक्या शब्दांत मलाही मांडता आलं नसतं. ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणाला हेच नाव दिलं. ती आणखी काहीतरी सांगत होती, पण मी वहीत लिहून घेत असल्यामुळे ऐकू आलं नाही. मग ती आईकडे गेली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी घरात इतकं आनंदी वातावरण.

१७ मार्च, रविवार.
एक धक्कादायक शोध. लिहावं की नाही, विचार करतोय. लिहितोच.
घरातलं लोखंडी कपाट सहज खरवडलं. लाल निघालं.
हे कपाट हिच्या माहेरून आलेलं आहे. माहेर रेल्वेने पाच तासांवर. याचा अर्थ उघड आहे. आपल्या गल्लीतले लोहार तिथे जाऊन स्थायिक झाले असणार. कदाचित हिचे पूर्वजच या गल्लीतले असतील आणि लग्न होऊन ती स्वतःच्याच मूळ गावी परत आली असेल. मला तर अंगावर काटा आला. मी हे सगळं भावनेच्या भरात तिला सांगितलं.
ती कपाटाच्या दाराकडे बघत राहिली. आतल्या कुठल्या आठवणी जाग्या झाल्या कोण जाणे. नंतर म्हणाली, आणखी एका जरी वस्तूला हात लावलात तर मी परत माहेरी जाऊन स्थायिक होईन.
चहात साखर नव्हती. मागितली नाही.

२० मार्च.
क्लेम विभागात असताना मी एक पथ्य कायम पाळलं : उलटतपासणी. आपला सिद्धांत खोटा ठरतो का, हे आपणच तपासायचं. म्हणून आज बस पकडून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला गेलो, जिथे आपल्या गल्लीचा काही संबंध असणंच शक्य नाही. तिथल्या बसथांब्याचा खांब खरवडला.
लाल!!
प्रामाणिकपणे कबूल करतो, क्षणभर मी गडबडलो. आपला सिद्धांत आता डळमळतो की काय, असं वाटलं. पण परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि डोकं स्वच्छ झालं. याचा अर्थ इतकाच की गल्लीचा प्रभाव मला वाटत होता त्यापेक्षा कितीतरी मोठा होता. बसथांबेसुद्धा आपल्याच लोकांनी उभारले. मी उगाच एका गल्लीपुरता विचार करत होतो.
बसच्या कंट्रोलरने मला पकडून सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीबद्दल बरंच सुनावलं, हे इथे नोंदवायचं काही कारण नाही.

२३ मार्च.
आता फक्त कोपऱ्यावरचं घर राहिलं. तिथे दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. वर घर, खाली दवाखाना. सत्तरी ओलांडली तरी दात उपटतात. त्यांचा कठडा म्हणजे गल्लीला कलंक. कित्येक वर्षांत ब्रश लागलेला नाही. रंगाचे पोपडे सुटून लोंबताहेत. थरावर थर. गल्लीत शिरताना आधी तेच दिसतं.
सकाळी दहाला पोचलो. दार लावलेलं होतं, आत पेशंट होता. व्यत्यय नको म्हणून मी बाहेरच्या जिन्याच्या कठड्यावर हलक्या हाताने खरवडायला घेतलं. करर्र, करर्र. बाहेरच्या बाकावर दुसरा एक पेशंट गाल धरून बसला होता. तो आधी दाराकडे बघत राहिला, मग उठला आणि गाल धरूनच पळत सुटला. आतल्या पेशंटचाही आवाज आला.
डॉक्टरीणबाई हातात चिमटा घेऊन बाहेर आल्या. मी समितीची ओळख करून दिली. त्या म्हणाल्या, खरवडायची इतकी हौस असेल तर आत खुर्चीत येऊन बसा, मी खरवडते. मी मूळ रंगाचं महत्त्व समजावायला सुरुवात केली. त्यांनी चिमटा थोडा वर धरला. मला त्याच वेळी एक महत्त्वाचं काम आठवलं.
निष्कर्ष : वारशाचे शत्रू बाहेरचे नसतात.

२७ मार्च, बुधवार. संध्याकाळी ७.
आमच्या पायऱ्यांवर गल्लीची जाहीर सभा घेतली. मी सव्वा तास बोललो. वारसा समिती १८ एप्रिलला पाहणीला येतेय. तिला काय दिसणार? क्रीम, चॉकलेटी, पोपटी! त्यापेक्षा समिती येण्याआधी सगळे कठडे, फाटकं, खिडक्यांचे गज लोखंडापर्यंत घासून साफ करायचे आणि संपूर्ण गल्लीला मूळ लाल रंग द्यायचा, असा ठराव मांडला.
शिंप्याने विचारलं, याने खोल्या नक्की वाचतील का? मी म्हणालो, माझ्यावर सोडा. गिरणीवाल्याने हिच्याकडे पाहिलं. ही खाली मान घालून कुणाच्या तरी ब्लाउजला हूक लावत होती. शेवटी म्हणाली की दुसरं कुणी काही करत नाहीये, निदान हे काहीतरी करताहेत.
लग्नाला इतकी वर्षं झाली, हिने चारचौघांत माझी बाजू पहिल्यांदाच घेतली.  ठराव मंजूर. मास्तरांनी दोनदा हात वर केला.
डॉक्टरीणबाई सभेला आल्या नाहीत. खिडकीतून त्यांनी फक्त विचारलं, भाषण संपलं का?

२ एप्रिल.
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. नमुना दाखवला आणि असाच रंग हवा म्हणालो. मला वाटलं होतं, खास बनवून घ्यावा लागेल, महिना जाईल. दुकानदाराने न बघता मागच्या फळीवरून डबा काढला. असे हवे तेवढे आहेत, म्हणाला. परंपरा इतकी जिवंत असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.
डब्यावर मोठ्या अक्षरात ‘प्रायमर’ लिहिलं होतं. प्रायमर म्हणजे प्राथमिक. म्हणजे पहिला. म्हणजेच मूळ! कंपनीलासुद्धा इतिहास ठाऊक आहे, फक्त आपल्यालाच नव्हता.
दुकानदाराने विचारलं, यावर कुठला मारणार? मी म्हणालो, यावर काही नाही. हाच. त्याने परत विचारलं, वर काहीच नाही? मी म्हणालो, वरून फासाफाशी करूनच तर ही पाळी आलीय.  मग त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि गोदामातला सगळा माल काढायला सांगितला. जाणकार गिऱ्हाइकाची कदर करणारा माणूस.

६ एप्रिल, शनिवार.
कामाला सुरुवात. रंगारी आणि त्याची चार माणसं. तारेचे ब्रश, पॉलिशपेपर, पत्र्याच्या पातीने खसाखसा. जुन्या रंगाचा कण ठेवायचा नाही, अशी माझी सक्त ताकीद. संध्याकाळपर्यंत गल्लीतलं लोखंड आरशासारखं झालं. खरवडलेला चुरा पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीत टाकून दिला. पुढे कुणी मूळ रंगाबद्दल शंका काढू नये म्हणून एक पोतंही ठेवलं नाही.
रंगाऱ्यानेही तेच विचारलं, वरचा रंग कधी आणणार? या लोकांचा वरवरच्या गोष्टींवर फार जीव.

८ एप्रिल. रात्री उशिरा.
गल्ली लाल झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बघून छाती भरून आली. फक्त कोपऱ्यावरचं ते पोपडे सुटलेलं भूत तेवढं तसंच.
किरकोळ तक्रारी : पोस्टमनची बाही लाल. मास्तर कठड्याला टेकून पेपर वाचत होते, त्यांची पाठ गजागजाने लाल. ते त्याच शर्टाने बँकेत जाऊन आले. हिच्या क्लासमधल्या एका मुलीने शिवलेला पांढरा झगा वाळत होता, त्यावर पट्टे. झगा दुसऱ्या दिवशी घालायचा होता म्हणे. मी तिला सांगितलं की अस्सल ऐतिहासिक रंगाचे पट्टे कुठे मिळताहेत! ती रडली. माझा सांगायचा सूर चुकला असावा.
ही रात्रभर, म्हणजे जेवणानंतर झोपेपर्यंत, नवा झगा शिवत होती.  दोरा तोडताना दातांचा आवाज जरा जास्तच येत होता.

१२ एप्रिल.
आज महापालिकेचा इंजिनिअर टेप घेऊन आला. काही न बोलता घरात शिरला आणि पुढच्या खोलीच्या फरशीवर खडूने आडवी रेघ मारली. रेघेच्या अलीकडचं राहणार, पलीकडचं जाणार. शिवणयंत्रं सगळी पलीकडे. आरसा पलीकडे. मुली कापड बेतायला बसतात ती जागा पलीकडे. अलीकडे फक्त माझी आरामखुर्ची.
तो गेल्यावर हिने टेप काढला. एक यंत्र झोपायच्या खोलीत पलंग आणि भिंतीमध्ये मावतं का, ते मोजलं. मग परत मोजलं. मावत नाही. ती खाली बसून टेप गुंडाळायला लागली, मधेच थांबली आणि मला म्हणाली, तुमचं ते लाल काय आहे ते खरंच कामाला येणार ना हो?
मी म्हणालो, शंभर टक्के.
 वारसा, ग्रंथ, लोहार सगळं त्या वेळी डोक्यातून गेलं. खोली वाचायला हवी, एवढंच वाटत होतं. बराच वेळ झोप लागली नाही. (साधारण साडेदहापर्यंत.)

१८ एप्रिल, गुरुवार. रात्री ८.
समिती आली. दोन गृहस्थ आणि एक बाई. बाई प्रमुख, गळ्यात भिंग लटकवलेलं. मी सूट घातला होता. उकाडा फार होता, पण प्रसंग तसा होता.
समिती गल्लीच्या आतल्या टोकाकडून शिरली. बाई आमच्या कठड्याजवळ थांबल्या. भिंग लावलं. दुसरीकडे गेल्या. भिंग लावलं. तिसरीकडे. चेहरा बदलत गेला. दिपून गेल्या असाव्यात. मग त्यांनी विचारलं, यावरचे जुने थर कुठे आहेत? मी अभिमानाने म्हणालो, एक कणही शिल्लक ठेवलेला नाही. त्यांनी विचारलं, खरवडलेला चुरा तरी? मी म्हणालो, कचऱ्याच्या गाडीत! त्याच दिवशी!
बाई आमच्या पायरीवर खालीच बसल्या. मी पाणी मागवलं. हिने पाणी दिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीही उरलेलं पाणी पिऊन टाकलं.
मी ग्रंथातला उतारा वाचून दाखवायला घेतला. लोहारांच्या संघटनेपर्यंत आलो, तेवढ्यात समिती उठून चालायला लागली. थेट कोपऱ्यावर. डॉक्टरीणबाईंच्या त्या किळसवाण्या कठड्यासमोर तिघंही उभे. मी मागून धावत जाऊन स्पष्टीकरण दिलं की हे घर आमच्या समितीत नाही, आम्ही डॉक्टरीणबाईंना पुष्कळ समजावलं, गल्लीचा यात काही दोष नाही. समितीच्या बाईंनी मला हाताने बाजूला केलं आणि छोट्या पातीने एका पोपड्याचा कण उचलला. भिंगातून पाहिलं. मग तिघं आत गेले ते संध्याकाळ झाली तरी आतच.
तिघांपैकी एकाची दाढ दुखत असणार.

२६ एप्रिल.
निकाल आला. गल्ली वारसा यादीत नाही.
सगळी गल्ली आमच्या पायऱ्यांसमोर जमली. मी खिडकीचा पडदा लावून आत बसलो होतो. तब्येत बरी नव्हती. बाहेर गिरणीवाल्याचा आवाज सर्वांत मोठा. त्याला इतके शब्द येत असतील असं वाटलं नव्हतं. हिने दार उघडून सांगितलं की ते आत आहेत पण बरं वाटत नाहीये. मग दार लावलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.  ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, मी अपील करीन. ती म्हणाली, तुम्ही आता काहीही करू नका. हात जोडून सांगितलं.
 मला खरंच वाटलं होतं की वाचेल.

२९ एप्रिल.
निकालाचं दुसरं पान होतं. मास्तरांनी वाचलं. बाकी कुणी पान उलटलंच नव्हतं.
कोपऱ्यावरचं घर यादीत आलं आहे! डॉक्टरीणबाईंचं! कारण काय, तर त्यांच्या कठड्यावर पहिल्या दिवसापासूनचे सगळे थर जसेच्या तसे आहेत. अगदी पहिला रंग गडद निळा, त्यावर हाताने ओढलेली पिवळी रेघ. शहरात दुसरीकडे असं काम उरलेलं नाही म्हणे. गल्लीतल्या इतर कठड्यांवरही ते होतं असा समितीचा अंदाज आहे, पण आता पुरावा नाही.
निळा मी पाहिला होता. पण तो मधे होता. त्याच्या खाली लाल होता! हे त्यांना दिसलं नाही का? समितीला पत्र लिहायला बसलो. ही म्हणाली, पेन खाली ठेवा.
पण खरी गंमत पुढे. कोपऱ्यावरचं घर पाडता येणार नाही, म्हणजे गल्लीचं तोंड आहे तेवढंच राहणार. बाटलीचं तोंड अरुंद ठेवून पोट रुंद करण्यात अर्थ नाही, असं इंजिनिअर स्वतः येऊन सांगून गेला. रुंदीकरण रद्द. सगळ्या खोल्या वाचल्या.
ही फरशीवरची खडूची रेघ ओल्या फडक्याने पुसत होती. पुसून झाल्यावरही पुसत होती. मी मुद्दाम त्या खोलीत गेलो नाही.
सबब गल्ली वाचली आहे. गल्ली वाचवण्याची मोहीम कुणी सुरू केली, हे इतिहासाने ठरवावं.

५ मे, रविवार. संध्याकाळ.
डॉक्टरीणबाईंच्या दारात सत्कार. सगळी गल्ली हजर. मलाही बोलावणं होतं, म्हणजे सगळ्यांनाच होतं. मी सूट घातला. दोन शब्द बोला म्हणाले तर हाताशी असावेत म्हणून चार पानं खिशात ठेवली.
डॉक्टरीणबाईंना पुष्पगुच्छ दिला. त्या म्हणाल्या, मी काही वारसा वगैरे जपलेला नाही, रंग द्यायचा कंटाळा केला एवढंच. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या. मग समितीच्या बाईंनी जाहीर केलं की कोपऱ्याचं घर उठून दिसावं म्हणून समितीच्या खर्चाने संपूर्ण गल्लीला तोच मूळ निळा रंग आणि पिवळी रेघ देणार. लोक खूश. रंगाऱ्याला विचारलं, कधीपर्यंत होईल? तो म्हणाला, आठवड्यात उरकतो. जुना रंग घासलेला आहे, प्रायमर मारून तयार आहे, आता नुसता रंग मारायचा.
समितीच्या बाई म्हणाल्या, अरे वा, महिन्याचं काम वाचलं. डॉक्टरीणबाईंनी माइक घेतला आणि म्हणाल्या, मग आभार आपल्या अध्यक्षांचे मानायला हवेत, संपूर्ण गल्लीला प्रायमर त्यांनी एकट्याने मारून घेतला. सगळी गल्ली माझ्याकडे वळली. काय टाळ्या! गिरणीवाला तर शिट्टी मारत होता. मास्तर उभे राहून हात वर करत होते. मी उठलो, कोटाची बटणं लावली, चारी दिशांना वाकून नमस्कार केला.
वाकलेलाच असताना कन्यारत्नाला हळूच विचारलं, प्रायमर म्हणजे नक्की काय गं? तिने कानात सांगितलं. रंग टिकावा म्हणून आधी मारतात ते. कुठल्याही लोखंडाला. सगळीकडे. कपाटालाही, बसथांब्यालाही.
मी तसाच उभा राहिलो. बसायचं सुचेना. चार पानं खिशात होती, ती काढावीशी वाटेनात. ही शेजारी होती. तिने माझ्या कोटाची बाही धरून खाली ओढलं आणि म्हणाली, बसा आता, खोली वाचली ना?
वाचली, म्हणालो.
टाळ्या अजून चालूच होत्या. सगळे वाजवत होते, म्हणून मग मीही वाजवल्या.